विसावा की मुक्काम? वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरं

नोव्हेंबर आला की आमच्याकडे कबरी साफ करायची घाई सुरू होते. चुना आणायचा, गवत काढायचं, पुसट झालेली नावं परत काळ्या रंगाने काढायची. म्हणून मागच्या अंकात मी म्हटलं होतं की या वेळी एकाच विषयावर प्रश्न पाठवा, मेल्यानंतरचा विसावा, आपण कार्डावर छापतो ती ‘चिरविश्रांती’. पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर पण बरेच आले. सगळी घेता येणार नाहीत. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत.

प्रश्न: पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं सर्व्हिस. रिटायर होऊन दीड वर्ष झालं नाही तर मार्चमध्ये अटॅकने गेले. स्मरणभक्तीच्या कार्डावर दीरांनी ‘चिरविश्रांती’ छापलं. आमचे पाळक म्हणाले ते आता प्रभूजवळ आहेत. माझा भाऊ दुसऱ्या मंडळीत जातो, तो म्हणतो ताई ते झोपलेत, मेलेल्यांना उठवणारा शेवटचा कर्णा वाजेपर्यंत त्यांना काहीच कळणार नाही, तू पण नाही. तेव्हापासून मला झोप नाही. ते मुक्कामी गाडीवर असायचे तेव्हा घरी नसले तरी मला माहीत असायचं की गाडी आज कुठल्या गावात उभी आहे. आता तेवढं पण माहीत नाही. नेमकं कुठे आहेत ते? आणि मी त्यांना आठवते का? (एक भगिनी, श्रीरामपूर)

उत्तर: ताई, सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि पहिल्यांदा तुमच्या भावाची बाजू घेतो, रागावू नका. तो मनाचं सांगत नाहीये. बायबलमध्ये मरणाला झोप म्हटलंच आहे. लाजर मेला तेव्हा येशू शिष्यांना म्हणाला की आपला मित्र झोपलाय, मी त्याला उठवायला जातो. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो तेव्हाही ‘झोपी गेलेले’ असाच शब्द वापरतो. आपण सिमेट्री म्हणतो ना, तो शब्द सुद्धा ग्रीकमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ झोपायची जागा. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर, त्याला ही झोपेची उपमा फार आवडायची, आणि अॅडव्हेंटिस्ट मंडळी आजही तेच शिकवते जे तुमचा भाऊ सांगतोय. पण ल्यूथरच्याच काळात कॅल्विन नावाच्या पंचविशीतल्या पोराला हे इतकं खटकलं की १५३४ च्या सुमारास त्याने याच्याविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहून काढलं. म्हणजे हे भांडण तुमच्या घरात सुरू झालेलं नाही, चांगलं पाचशे वर्षं जुनं आहे.

मी कुठल्या बाजूचा आहे ते सांगतो. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला येशू म्हणाला, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आता झोपवाले म्हणतात की मूळ ग्रीक लिखाणात स्वल्पविरामच नव्हते, त्यामुळे ते वाक्य ‘मी तुला आज सांगतो’ असं पण वाचता येतं. स्वल्पविराम नव्हते हे खरंय. पण मरायला टेकलेल्या माणसाला ‘मी तुला हे आज सांगतोय’ असं कोण सांगतं, आज नाही तर कधी सांगणार होता? आज हा शब्द त्या चोराला दिलेला आहे, तारखेसाठी नाही. आणि पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं मला फार बरं वाटतं. नुसतं बेशुद्ध पडून राहायचं असतं तर त्यात ‘बरं’ काय होतं? झोपलेला माणूस बाहेरून आपल्याला झोपलेला दिसतो, आत त्याचं काय चाललंय ते त्याला आणि देवाला ठाऊक. झोप हा शब्द आपल्या बाजूने काढलेला फोटो आहे एवढंच मी म्हणेन.

पण ताई, तुमच्या पाळकांचं वाक्य पण मला अर्धंच वाटतं, आणि इथे मला जरा पसरून बोलू द्या कारण गेल्या काही वर्षांत प्रत्येक दफनविधीला मला हे टोचतं.

आपल्या गावांकडे मयत नेताना अर्ध्या वाटेवर एक जागा असते, तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, मग पुन्हा उचलतात. त्या जागेला काय म्हणतात? विसावा. आषाढीला पालखी निघते, तिचं वेळापत्रक पेपरात येतं, त्यात दुपारचा विसावा वेगळा आणि रात्रीचा मुक्काम वेगळा छापलेला असतो. म्हणजे मराठी माणसाला न शिकवता माहीत आहे की विसावा ही वाटेतली गोष्ट आहे, पुढे जायचं बाकी आहे. आणि आपण ख्रिस्ती लोक काय करतो, तर भाऊ विसावला, प्रभूजवळ गेला असं म्हणून वही मिटतो. जसं काय पोचलाच. आपण दर रविवारी मतांगिकार म्हणतो, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, त्यात शेवटी काय येतं ते आठवा. आत्मा वर जातो असं त्यात कुठेच नाही. त्यात शरीराचं पुन्हा उठणं आहे आणि सार्वकालिक जीवन आहे. म्हणजे आधी प्रभूजवळचा विसावा, आणि मग तो दिवस, जेव्हा देव नवं आकाश आणि नवी पृथ्वी करील आणि आपल्याला शरीरासकट उठवील आणि स्वतः माणसांमध्ये राहायला येईल. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगर खाली येतं, वाचून बघा. मुक्काम तो. तुमच्या भावाला कर्णा बरोबर आठवला, तुमच्या पाळकांना जवळीक बरोबर आठवली, दोघांनी एकेक तुकडा धरलाय.

आणि मुक्कामी गाडीचं तुम्हीच लिहिलंत. मी लहानपणी अशाच एका गावात वाढलो जिथे रात्री साडेनऊला शेवटची गाडी यायची आणि ड्रायव्हर कंडक्टर देवळाच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच पथारी टाकायचे. घरापासून लांब, पण गाडी हरवलेली नसते. डेपोला माहीत असतं ती कुठे आहे, आणि सकाळची पहिली ट्रिप तीच असते. तुम्हाला आज गावाचं नाव माहीत नाही, पण डेपोला माहीत आहे असं मी तुम्हाला सांगितलं तर चालेल ना?

तुम्ही त्यांना आठवता का. येशूने एक दाखला दिला होता, श्रीमंत माणूस आणि लाजर नावाचा भिकारी यांचा, त्यात तो श्रीमंत मेल्यावर सुद्धा घरच्या पाच भावांची काळजी करतो. दाखला म्हणजे काही नकाशा नव्हे, त्यावर फार भार टाकत नाही मी. पण पुनरुत्थानाच्या सकाळचं घ्या. बागेत मग्दालिया मरियेने येशूला आधी माळी समजलं, मग त्याने फक्त तिचं नाव घेतलं, मरिये, आणि तिने ओळखलं. आणि हातावरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, नव्या शरीरात त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. नाव राहिलं, आवाज राहिला, खुणा राहिल्या. मग ३० वर्षं ज्या बाईने पहाटे साडेतीनला उठून डबा भरून दिला तिची आठवण तेवढी पुसली जाईल असं मला अजिबात वाटत नाही.

अजून एक, रडू नका असं कोणी सांगत असेल तर त्यांचं ऐकू नका. पौल म्हणतो आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, शोकच करू नका असं नाही म्हणत. लाजराला पाच मिनिटात उठवणार हे माहीत असताना पण येशू त्याच्या कबरेपाशी रडला. माझी बायको २०१९ ला गेली आणि मी पाळक असून पहिले चार महिने प्रार्थनेत एक अक्षर निघत नव्हतं, मंडळीतली एक म्हातारी रोज संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी नुसती बसायची, काही बोलायची नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

प्रश्न: अंकल, मी हिंजवडीला जॉब करतो, २७ वर्षं. खरं बोललो तर चालेल ना? मला स्वर्ग बोअर वाटतो. कायम विश्रांती, कायम गाणी, संपतच नाही. मला दीड तासाची भक्ती जड जाते. आई म्हणते असं बोलू नये. (पुणे)

उत्तर: आईला सांग, असं बोलावं. निदान मला तरी.

तुझी अडचण स्वर्गाशी नाही, सुट्टीशी आहे. तुम्हा लोकांना विश्रांती म्हटलं की शनिवार दिसतो, बाराला उठायचं, फोन बघत पडायचं, संध्याकाळी वाटतं दिवस वाया गेला आणि सोमवारची धडधड सुरू. त्याला अनंताने गुणलं की बोअर होणारच, मला पण होईल.

उत्पत्तीचं पहिलं पान काढ. प्रत्येक दिवसाला एक ठेका आहे, संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, दुसरा. असं सहा वेळा. सातव्या दिवशी देव विसावा घेतो आणि तिथे हे वाक्यच नाही! त्या दिवसाची संध्याकाळ लिहिलेलीच नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने नेमकं हेच पकडलं, ४ थ्या अध्यायात तो म्हणतो की देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिलेला आहे, आणि तिथे त्याने जो ग्रीक शब्द वापरलाय तो अख्ख्या नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही. आता मला सांग, देव दमला होता का? दमला नव्हता. त्याने केलेलं बघितलं आणि फार चांगलं आहे असं म्हटलं. तुझ्या आजोबांना विचार, खळ्यावर ज्वारीची रास पडली, वारा देऊन झाला, पोती भरायची उद्या, त्या संध्याकाळी राशीकडे बघत बसणं काय असतं ते. तेव्हा कोणाला बोअर होत नाही. तोपण विसावाच आहे, काम न करण्याचा नाही, काम पुरं झाल्याचा.

आणि काम नसेल असं पण कोणी सांगितलं? यशयाच्या ६५ व्या अध्यायात नव्या पृथ्वीचं जे वर्णन आहे त्यात लोक घरं बांधतात आणि स्वतःच राहतात, द्राक्षमळे लावतात आणि स्वतःच फळं खातात, एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं असं नाही. इमारतीवर काम करून पत्र्याच्या शेडमध्ये झोपणाऱ्या मजुराला विचार हे बोअर आहे का. तुझा ईएमआय चालू असेल तर तुला पण कळेल. माणसाला कामाचा कंटाळा कमी असतो रे, त्यातल्या भीतीचा जास्त असतो, काढून टाकतील, अपुरं पडेल, दुसराच खाईल, शेवटी सगळं फुकट जाईल. ती भीती काढून टाकली तर काय उरतं त्याची कल्पना कर.

केडगावच्या पंडिता रमाबाई घे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा, आणि जिच्यावर सगळी भिस्त होती ती मुलगी मनोरमा १९२१ ला. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेच जगल्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, आणि त्या दिवसांत पण मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. प्रकटीकरण १४:१३ मध्ये म्हटलंय की प्रभूमध्ये मरणाऱ्यांना कष्टांपासून विसावा मिळतो आणि त्यांची कृत्यं त्यांच्याबरोबर जातात. कष्ट मागे राहतात, काम बरोबर जातं. मला या ओळीतला हा फरक फार आवडतो. रमाबाई तिकडे हात जोडून ढगावर बसल्या असतील असं तुला वाटतं का? मला तर त्यांच्या तिथल्या छापखान्याची काळजी वाटते.

ऑगस्टीनचं ते वाक्य तू ऐकलं असशील, की तुझ्यात विसावेपर्यंत आमचं काळीज बेचैन असतं. लोकांना वाटतं कोणीतरी डोंगरावर ध्यान लावून लिहिलं असेल. हा माणूस आफ्रिकेत हिप्पो नावाच्या बंदराचा बिशप होता आणि त्याचे दिवसच्या दिवस लोकांच्या जमिनी आणि वाटण्यांची भांडणं सोडवण्यात जायचे, त्याबद्दल कुरकूर पण करायचा. म्हातारपणी एका मोठ्या ग्रंथाच्या शेवटी त्याने लिहिलं की तिथे आपण विसावा घेऊ आणि पाहू, पाहू आणि प्रेम करू, प्रेम करू आणि स्तुती करू. क्रम बघ. गाणं सगळ्यात शेवटी येतं, आधी बघणं आहे. तुला दीड तासाची भक्ती जड जाते कारण आपण एकदम गाण्यावर येतो. (आणि आमचे उपदेश लांबतात हेही आहे, मान्य.)

प्रश्न: फादर, मी मूळची नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीतली, लग्न होऊन वसईला आले, सासर कॅथलिक. सासरे गेले, सासूबाईंनी महिन्याची मिस्सा ठेवली, वर्षाची ठेवणार. २ नोव्हेंबरला सगळे सिमेट्रीत मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. माझे वडील म्हणतात मेलेल्यासाठी प्रार्थना हे बायबलमध्ये नाही. मी जाऊ की नको? (वसई)

उत्तर: मी फादर नाही गं, साधा रिटायर पाळक आहे, पण तुझ्या सासरच्या सवयीने लिहिलंस, गोड वाटलं.

वडील म्हणतात ते त्यांच्या बायबलपुरतं खरं आहे. सासूबाईंच्या बायबलमध्ये सात पुस्तकं जास्त आहेत आणि त्यातल्या मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात, लढाईत पडलेल्यांसाठी यहूदा मक्काबी अर्पण पाठवतो, मृतांसाठी प्रार्थना करणं चांगलं असं तिथे लिहिलंय. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते पुस्तकच नाही. त्यामुळे तुझं माहेर आणि सासर वेगवेगळी पानं उघडून एकमेकांना पुरावा मागतंय. २ नोव्हेंबरचा दिवस क्लूनीच्या मठातला ओडिलो नावाच्या मठाधिपतीने सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरू केला, आणि ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला जे ९५ मुद्दे मांडले ते पण याच गोष्टीवरून पेटलेले, की पैसे भरले तर मेलेल्याची शिक्षा कमी होते असं विकलं जात होतं. ते विकणं चूकच होतं आणि कॅथलिक चर्चने पण पुढे ते बंद केलं.

आता परगेटरी, म्हणजे मेल्यानंतर शुद्ध होण्याची अवस्था, तिच्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. कॅथलिक शिकवणीत ती दुसरी संधी नाही, की नापास झाला म्हणून एटीकेटी. तिथे असलेला माणूस वाचलेलाच आहे, फक्त देवासमोर उभं राहण्याआधी शुद्ध होतोय. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ ला आशेवर एक पत्र लिहिलं, त्यात ते म्हणतात की ती जाळणारी आग म्हणजे स्वतः ख्रिस्तच, त्याची नजर भेटली की आपल्यातलं खोटं सगळं जळून जातं. मी परगेटरी मानत नाही, माझा विश्वास की वधस्तंभावर सगळं पुरं झालं. पण हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तू जा. मेणबत्ती धर. तुझ्या तोंडून ‘देवा याला सोडव’ असं येत नसेल तर ‘देवा, या माणसाबद्दल उपकार मानते’ असं म्हण, सासूबाईंना काही फरक पडणार नाही, आणि देवाला दोन्ही मराठी कळतात. कबर धुवायला मात्र सकाळी लवकर जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते असं ऐकून आहे. वडिलांना मी फोन करतो.

प्रश्न: भावाने लिहून ठेवलंय की मला विद्युतदाहिनीत द्या. घरात वाद चाललाय की जाळलं तर पुनरुत्थान कसं होणार? (मुंबई)

उत्तर: इसवी सन १७७ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला ख्रिस्ती लोकांना मारलं आणि त्यांची शरीरं जाळून राख मुद्दाम ऱ्होन नदीत टाकली, म्हणजे आता बघू कसे उठतात ते. तुमच्या घरातला वाद त्या रोमन लोकांच्या बाजूने चाललाय हे आधी घरच्यांना सांगा! मंडळीने तेव्हाही मानलं की ते उठणार. समुद्रात बुडालेले, वाघाने खाल्लेले, ज्यांची कबर सापडत नाही असे, देवाला सगळे सारखेच. पौल बीचं उदाहरण देतो, पेरतो ते दाणा आणि उगवतं ते वेगळंच काहीतरी, पण त्याच दाण्याचं. कॅथलिक चर्चने १९६३ ला दहनाला परवानगी दिली, २०१६ ला एवढंच बजावलं की राख उधळू नका, घरात कपाटात ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. आणि मुंबईत तर जागाच नाही, थोड्या वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, हे तुमच्याच शहरातलं आहे. मला स्वतःला मातीत जायला आवडेल, बायकोच्या शेजारी, ती माझी आवड झाली. भावाचं लिहिलेलं पाळा.

प्रश्न: मी हिंदू आहे, तुमचा अंक मैत्रिणीकडे वाचते. तुमचा हा सार्वकालिक विसावा आणि आमचा मोक्ष एकच ना? (कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुम्ही वाचता याचा आनंद झाला. शेजारी शेजारी राहतात दोन्ही गोष्टी पण एक नाहीत. नदी समुद्रात मिसळली, नदी उरलीच नाही, अशा मोक्षाबद्दल विचारत असाल तर आमची आशा त्याच्या उलटी आहे. आमच्यात नदी नदीच राहते, नाव राहतं, चेहरा राहतो, देव देव आणि मी मी, आणि मध्ये काही आड येत नाही. फेऱ्यातून सुटणं असं पण नाही कारण आम्ही फेरा मानत नाही, जन्म एकच. पण तुमच्याच वारकरी संतांकडे बघा, त्यांनी तर सरळ सांगितलं की मुक्ती नको, पुन्हा पुन्हा जन्माला घाल पण तुझं नाम आणि संतांची संगत दे. विरघळून जायला ते तयार नव्हते, त्यांना समोर उभं राहायचं होतं. तिथे मला ते फार जवळचे वाटतात. आणि हा विसावा कमवायचा नसतो, तो देतात, म्हणून पुण्याचा हिशेब पण नाही. मैत्रिणीला सलाम सांगा.

प्रश्न: कोणी गेलं की ग्रुपवर लगेच ‘आरआयपी’ टाकतात. ख्रिस्ती माणसाने टाकावं का? (जालना)

उत्तर: टाकावं की, आपल्याच घरातलं आहे ते. लॅटिनमध्ये ‘तो शांतीत विसावो’ या अर्थाच्या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. त्याच्याच जोडीची एक जुनी प्रार्थना आहे, प्रभू, त्यांना सार्वकालिक विसावा दे आणि त्यांच्यावर निरंतर प्रकाश राहो. नुसतं झोपायचं असतं तर दिवा कशाला मागितला असता? पण तीन अक्षरं टाकून झाली की त्या घरी एकदा फोन पण करा, आणि मयताच्या घरचा चहा पिऊन येण्याऐवजी डबा घेऊन जा.

प्रश्न: आई चार वर्षं बेडवर आहे. पॅरालिसिस. मी एकटीच करते, भाऊ मुंबईला असतो, पैसे पाठवतो. हल्ली रोज रात्री मी प्रार्थना करते की देवा आईला ने, तिला विसावा दे. मग वाटतं की मी हे तिच्यासाठी मागते की माझ्यासाठी. कधी कधी वाटतं देवाने मलाच न्यावं. हे पाप आहे का? (सोलापूर)

उत्तर: बाळ, नाही. हे दमणं आहे.

एलीया मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आग पाडलेला माणूस, त्यानंतर थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि म्हणाला पुरे झालं देवा, माझा प्राण घे. १ राजे १९. देवाने त्याला काय उत्तर दिलं? उपदेश नाही, वचन नाही, तुझा विश्वास कमी पडला असं पण नाही. त्याला झोपू दिलं. मग दूताने हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या, खा. तो खाऊन परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं, कारण वाट तुला झेपणार नाही असं म्हणाला. बाकीचं बोलणं नंतर झालं, बरंच नंतर.

मत्तयाच्या ११ व्या अध्यायात येशू म्हणतो, ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वचन आपण थडग्यावर कोरतो, पण तो ते जिवंत माणसांना बोलला होता, ज्यांना उद्या परत कामाला जायचं होतं. आणि पुढे लगेच म्हणतो माझं जू घ्या. विसावा मागणाऱ्याच्या मानेवर जू ठेवायचं हे काय? शेतकऱ्याला विचार, जू एका बैलासाठी नसतं, दोघांसाठी असतं. तू चार वर्षं दोघांचं जू एकट्याने ओढतेयस, दुसरी बाजू जमिनीला घासत चालली आहे म्हणून मान सोलवटली.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करायच्या. ‘मलाच न्यावं’ असं मनात येतं ते मला लिहिलंस तसं डॉक्टरांना सांग, आईच्या नाही, स्वतःच्या तपासणीला जा, हे दुखणं आहे आणि त्यावर औषध असतं. आणि असं वाटलेल्या रात्री एकटी बसू नकोस, भावाला नाहीतर पाळकांना उठव, कितीही वाजलेले असोत. भावाला सांग पैसे पुरे झाले, आता वर्षातले पंधरा पंधरा दिवस दोनदा स्वतः ये, आईचे लंगोट बदलायला शीक, ती त्याची पण आई आहे. आणि तुमच्या पाळकांना माझं हे उत्तर दाखव, महिला मंडळातल्या दोघी दर रविवारी दुपारी दोन ते पाच तुझ्या घरी येऊन बसतील एवढं त्यांनी ठरवावं. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लाव म्हणजे त्यांना तुला हाक मारावी लागणार नाही. रात्रीची प्रार्थना आहे तशीच चालू दे, देव ती ऐकून घेईल, त्याने एलीयाची पण ऐकून घेतली होती.

आणि त्या तीन तासांत राहिलेली भांडी घासायची नाहीत, कपडे भिजवायचे नाहीत. शेजारणीकडे जाऊन दार लावून झोपायचं.